चन्नाप्पाची माती

गोरा माणूस कोल्हापूर स्टेशनातून बाहेर आला, सरळ माझ्या अँबॅसडरजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "पावणं, गडहिंग्लजला येतासा का?"

ही थाप नव्हे. माझ्या थापा शाहूपुरीतल्या टॅक्सी स्टँडवर सगळ्यांना पाठ आहेत. कागलच्या नाक्यावर मागच्या सीटवर वाघ येऊन बसला आणि घाट उतरल्यावर भाडं न देता निघून गेला, ही माझीच. एका पैलवानाला घेऊन जाताना त्याच्या वजनानं डांबर दबलं आणि तिथं अजून पावसाचं पाणी साचतं, तीही माझीच. पाणी साचतं हे मात्र खरं. थापेचा एक पाय तरी जमिनीला लागावा लागतो. पण ह्या गोऱ्याची गोष्ट मी स्टँडवर सांगितली तेव्हा कुणी विश्वास ठेवला नाही, आणि मीही जोर लावला नाही. खऱ्यासाठी भांडायला थापेपेक्षा जास्त दम लागतो, आणि तो आता राहिलेला नाही.

नव्याण्णव सालचा फेब्रुवारी. रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या. माणूस सत्तरीच्या पुढचा, उंच, खांद्यात वाकलेला, डोळ्यांखाली झोप न झालेल्या माणसासारख्या पिशव्या. त्या उन्हातही अंगात लोकरीचा कोट. हातात एक कातडी बॅग. मी डिकी उघडली तर म्हणाला, "नगं. मांडीवर असू दे."

गाडी शहराबाहेर पडेपर्यंत मी आरशातून त्याच्याकडं बघत होतो. शेवटी राहवलं नाही. "साहेब, मराठी कुठं शिकलासा?"

"सैपाकघरात."

"कुणाच्या?"

"आमच्याच. लंडनात." मी माझं नाव जोतीराम सांगितलं, त्यानं ह्यू पेंड्री. "पेंड्री म्हणा. ह्यू म्हणताना चन्नाप्पाला शेवटपर्यंत शिंक आल्यागत व्हायचं."

"आणि काम काय करतासा?"

"टीका."

"म्हंजे?"

"दुसऱ्यांनी लिवलेल्या पुस्तकांवर लिवायचं. चांगलं का वाईट, आणि का."

"हां, म्हंजे तालमीतला वस्ताद!" मी म्हणालो. "सोता लढायचं न्हाय. हौदाच्या काठावर हुबं ऱ्हायचं आणि 'आरं पट काढ की' म्हणून वरडायचं."

तो हसायला गेला आणि त्याला खोकला आला. खोकला बराच वेळ चालला. "चन्नाप्पाबी हेच म्हणायचा," तो म्हणाला. "जरा घाण शब्दांत."

"हे चन्नाप्पा कोण?"

"माझा माणूस."

आमच्याकडं बायका नवऱ्याला असं म्हणतात. मला वाटलं, मराठी कुठंतरी कच्ची राहिलीय. आरशात बघितलं तर तो माझ्याचकडं बघत होता. "कच्चं न्हाय माझं," तो म्हणाला. "तसंच हाय ते. पस्तीस वर्षं एका घरात ऱ्हायलो."

मी गियर बदलायचा विसरलो. गाडी कण्हायला लागली. ती ताळ्यावर आणेपर्यंत काय बोलावं ते सुचेना, आणि मला बोलायला सुचत नाही असं बायकोनंसुद्धा कधी पाहिलेलं नाही. शेवटी जे तोंडात आलं ते विचारलं. "भांडणं व्हायची का तुमची?"

"रोज."

"कशावरनं?"

"भातावरनं. खिडकी उघडी ठेवायची का बंद, त्याच्यावरनं. माझ्या भाषणांवरनं."

"मग लगीनच की हो ते!"

पेंड्रीसाहेब मागं रेलला आणि त्यानं डोळे मिटले. "हे कुणीतरी पार्लमेंटात म्हणायला पायजे होतं," तो म्हणाला. "लई वर्षं वाचली असती."

मग कागल गेलं, पुढं कर्नाटकाची हद्द लागली, तोवर त्यानं डोळे मिटूनच आपलं सांगितलं. त्याच्या तरुणपणी विलायतेत कायदा होता. पुरुषानं पुरुषाशी संसार केला तर सरळ तुरुंग. लोक घाबरून गप्प बसायचे, काही जण जीव द्यायचे. हा गप्प बसला नाही. पेपरात पुस्तकांवर लिहायचा, त्यानं पेपरातच स्वतःबद्दल लिहिलं. पेपरनं काढून टाकलं. मग चौकात पेटीवर उभं राहून भाषणं केली, पत्रकं वाटली, न्यायाधीशांसमोर नाव-पत्ता सांगून उभा राहिला. लोक अंडी मारायचे. कायदा बदलला, पण अर्धामुर्धा. उरलेल्या अर्ध्यासाठी पुन्हा पत्रकं, पुन्हा पेटी.

"आणि चन्नाप्पा?"

"तो मोर्चाला कधी आला न्हाय. म्हणायचा, तू जा वरडायला, मी भात टाकतो. मी घरी आलो की कोटावरची अंडी पुसायचा." त्यानं कोटाच्या बाहीवरून हात फिरवला. "हाच कोट."

चन्नाप्पा गडहिंग्लजचा. लिंगायत, मिरचीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. सूतगिरणीचं शिक्षण घ्यायला गेला तो तिकडंच राहिला. आई वारली तेव्हा एकदा गावी आला होता. दिवसकार्य झाल्यावर घरच्यांनी त्याला लागोपाठ तीन पोरी दाखवल्या. चौथी दाखवायच्या आत तो विमानात जाऊन बसला. पुन्हा आला नाही. बहिणीला फोन करायचा, पैसे पाठवायचा. गेल्या डिसेंबरात लंडनच्या दवाखान्यात वारला.

"दवाखान्यात विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं. तिथल्या टेबलावरच्या पोरीनं कागदावर 'मित्र' लिवलं. मी म्हटलं, खोड ते. ती म्हणाली, दुसरा शब्द छापलेला न्हाय." पेंड्री थांबला. "आदुगर मी भांडलो असतो. त्या दिवशी न्हाय भांडलो. बसायला खुर्ची मागितली."

निपाणीला चहाला थांबलो. हॉटेलात त्यानं बॅग शेजारच्या खुर्चीवर ठेवली, नीट, तोंड टेबलाकडं करून. माणूस बसवावा तशी. मी चहा बशीत ओतता ओतता विचारलं, "बहिणीसाठी काय आणलासा एवढं?"

"चन्नाप्पा हाय."

बशी माझ्या हातात तशीच राहिली.

"राख," तो म्हणाला. "तो म्हणायचा, घरच्या मातीत बसीव मला. म्हणून आणलं."

मी शिवाजी पेठेतला मराठा गडी. पण पंचवीस वर्षं ह्या रस्त्यावर गाडी चालवलीय, सीमाभागातल्या मातीला किती वेळा माणसं नेऊन सोडलीत. "साहेब," मी हळू विचारलं, "जाळलासा त्येस्नी?"

"व्हय. हिंदू मानसाला जाळतात न्हवं? मी चार पुस्तकं वाचली. तिथल्या एका भटजीला फोन केला. सगळं नीट केलं."

"लिंगायत जाळत न्हाईत, साहेब. पुरतात. बसवून पुरतात. मांडी घालून, हातात लिंग देऊन. मातीत बसवतात."

त्यानं कप खाली ठेवला. कपाचा आवाजसुद्धा झाला नाही. हॉटेलातला रेडिओ, बाहेर एसटीचा कंडक्टर, सगळं चाललं होतं. तो नुसता बॅगेकडं बघत होता.

"बसीव म्हणाला," तो म्हणाला. "मला वाटलं, तुमच्यात बोलायची रीत असंल. कवितेतल्यासारखी." मग म्हणाला, "लोकांनी आयुष्य घालून लिवलेली पुस्तकं मी फाडलीत, जोतीराम. लेखकाला वाचता येत न्हाय, शब्दाकडं बघत न्हाय, म्हणून. आणि ह्या मानसानं मला शेवटचं एक वाक्य सांगितलं."

"आता गाडी वळवू?"

"वळवा."

मी पैसे देऊन आलो तर तो गाडीत बसला होता, बॅग मांडीवर. मी गाडी वळवली नाही. त्यानंही पुन्हा सांगितलं नाही. तावंदीच्या घाटात मी बोलायला सुरुवात केली. "साहेब, माझं ऐका. घरच्यांना ठाव हाय का जाळल्याचं?"

"फोनवर म्हणालो, सगळं रीतसर झालं. त्यांना वाटतंय मी कपडे आणि घड्याळ घेऊन येतोय."

"मग सांगायचं काम माझ्यावर सोडा. तुम्ही नुसतं बसायचं. राख तर राख, मानूस घरच्या मातीत जायला पायजे का नको?"

"पायजे."

"मग झालं. आणि ते दुसरं, माझा माणूस वगैरे, ते आज नगं. बाजारातलं घर हाय. भावकी हाय. बॅग उंबऱ्याबाहेर फेकतील."

मी आरशात बघितलं. मला वाटलं आता चिडेल. पेटीवर उभं राहून ज्यानं अंडी खाल्ली त्याला मी थाप गिळायला सांगत होतो. तो खिडकीबाहेर बघत होता. "लई वर्षं खरं बोललो," तो म्हणाला. "दमलोय. सांगा काय सांगायचं ते."

गडहिंग्लजच्या बाजारपेठेत पुढं दुकान, मागं घर. पडवीत लाल मिरचीची पोती छताला लागलेली. उंबरा ओलांडायच्या आधीच माझ्या नाकात मुंग्या आल्या. चन्नाप्पाचा पुतण्या शिवकुमार दारात उभा होता, चाळिशीचा, कपाळावर भस्माचे पट्टे, खिशाला पेन. त्यानं साहेबाला हात जोडले, खुर्ची दिली. त्याची बायको दानेश्वरी पाणी घेऊन आली. आणि आतल्या दारापाशी, जमिनीवर, भिंतीला टेकून चन्नाप्पाची थोरली बहीण मल्लव्वा बसली होती. पांढरं कपाळ, हातात बांगडी नाही. विशीतच नवरा गेला आणि माहेरी परत आली, ती तिथंच म्हातारी झाली, हे मला येताना साहेबानं सांगितलं होतं.

पेंड्री खुर्चीच्या कडेला बसला. बॅग मांडीवर, दोन्ही हात बॅगेवर.

मी घसा साफ केला. काय सांगू, ती माझी सगळ्यात चांगली थाप होती. म्हटलं, विलायतेत ह्या वर्षी असला हिवाळा पडला की चिमण्या तारेवरच गोठून राहिल्या, वाऱ्यानं घंटेसारख्या वाजायच्या. चन्नाप्पाअण्णांना पुरायला साहेबांनी स्वतः माणसं लावली. पण जमीन कसली, लोखंड! कुदळ मारली की ठिणग्या. तीन कुदळी मोडल्या, चौथीचा दांडा एकाच्या कपाळात बसला. साहेब कलेक्टरकडं गेले, म्हणाले, सुरुंग लावायला परवानगी द्या, आमच्या अण्णांना बसवायचंय. कलेक्टर म्हणाला, अहो, गेलेल्या माणसासाठी राहिलेल्यांच्या काचा फोडतासा काय? उन्हाळ्यापर्यंत ठेवावं तर त्यांच्या सरकारचा नियम आडवा. मग नाइलाजानं...

"जाळलं?" शिवकुमार उठून उभा राहिला.

"नाइलाजानं," मी म्हणालो. "पण साहेबांनी राखेचा कणसुद्धा तिथं ठेवला न्हाय. सोता घेऊन आले. घरच्या मातीत बसवायला. एवढं कोण करतंय भाडेकरूसाठी?"

"भाडेकरू?"

"साहेब घरमालक. अण्णा त्यांच्या माडीवर भाड्यानं होते. पस्तीस वर्षं. एक दिवस भाडं थकलं न्हाय."

शिवकुमार येरझाऱ्या घालायला लागला. अय्यांना बोलावणं धाडलं. हे अय्या म्हणजे त्यांच्याकडचे जंगम, सगळी कार्यं तेच करतात. शेजारच्या गल्लीतूनच आले, अंगावर भगवी शाल, पायात रबरी चप्पल. त्यांनी सगळं ऐकलं, डोकं खाजवलं.

"राख पुरल्याचं मी ऐकलं न्हाय," ते म्हणाले.

"मग?"

"मग काय, भस्मच की ते. भस्माला नको म्हणायचं तर तू कपाळाला काय लावून बसलायस, शिवकुमार? खड्डा खणा."

दोन गडी खोरी घेऊन शेताकडं गेले. माझा जीव भांड्यात पडला. शिवकुमारचाही पडला असावा, कारण तो पेंड्रीसमोर येऊन वाकला. "साहेब, तुमचे उपकार झाले. घरमालक असून एवढं केलासा. आता पुढचं आमच्या घरचं हाय, आम्ही बघतो. तुम्ही जेवा, थोडं पडा, आणि सावकाश जावा. द्या, बॅग द्या."

आणि त्यानं हात पुढं केला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं मी काय करून बसलो होतो. थाप लागू पडली होती. चन्नाप्पा आत, साहेब बाहेर. मातीला घरची माणसं जातात. घरमालकाला जेवायला वाढतात.

पेंड्रीनं बॅगेवरचे हात काढले नाहीत, पण घट्टही धरले नाहीत. शिवकुमारनं बॅग उचलली असती तर गेली असती. तो माझ्याकडं बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

मल्लव्वा भिंतीजवळून बोलली. मघापासून पहिल्यांदाच. "तम्मा झोपेत दात खायचा," ती म्हणाली. त्यांच्या कानडीत तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. "लहानपणी माझ्याशेजारी झोपायचा. करकर करकर. मी उठून त्याचं नाक दाबायची. मोठेपणी थांबला का रं?"

"न्हाय," पेंड्री म्हणाला. "शेवटपर्यंत खायचा. मी कुशीवर वळवायचो, मग थांबायचा."

बोलून झाल्यावर त्याला कळलं. सगळ्यांनाच कळलं. दानेश्वरीनं हातातला तांब्या खाली ठेवला. अय्या चपलेच्या अंगठ्याकडं बघायला लागले. मिरचीच्या घरात एक सोय असते, कुणाचे डोळे कशानं भरलेत ते कुणी विचारत नाही. तरीही कुणी कुणाकडं बघेना.

"आत्ती, तू आत जा," शिवकुमार आत्याला म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "आणि पावणं, तुम्ही गाडीत बसा."

"मी कशाला जाऊ आत?" मल्लव्वा म्हणाली.

"कळत न्हाय का तुला? ह्यो मानूस काय बोलला?"

"तुझ्या आदुगर कळलं. आत आल्यापासनं बघते, खुर्चीच्या टोकावर बसलाय. घरमालक असा बसतोय? नवरा गेल्यावर मी ह्या घरात अशीच बसल्यालती. कुणीतरी ऊठ म्हणंल म्हणून." ती पेंड्रीकडं वळली. "तू कोण त्याचा, ते मला नगं सांगू. तो डायवर काय बोलला, ते खरं का?"

मी खाली बघितलं. पेंड्री उभा राहिला. त्याला उठायला खुर्चीचा आधार घ्यावा लागला. न्यायाधीशांसमोर तो कसा उभा राहिला असेल, ते मला त्या वेळी दिसलं. 

"खरं न्हाय," तो म्हणाला. "जमीन चांगली होती. मला ठाव न्हवतं तुम्ही पुरतासा ते. त्यानं सांगितलं होतं, मला समजलं न्हाय. मी जाळलं. चूक माझी."

मल्लव्वानं कपाळावर हात मारून घेतला. एकदा, दोनदा. तोंडातून आवाज आला तो कानडीतही नव्हता, मराठीतही नव्हता. दानेश्वरी धावली, तिला म्हातारीनं हातानंच लांब केलं.  बाहेर दुकानात गिऱ्हाईक हाका मारत होतं.

"गेल्यावरच जाळलंस न्हवं?" मल्लव्वानं विचारलं. "खात्री केलीस?"

"केली. हात गार होईस्तोवर माझ्या हातात होता. झाल्यावरबी सोडला न्हाय. त्यांनी सोडवला."

मल्लव्वानं मान हलवली. हलवतच राहिली. मग भिंत धरून उठली आणि म्हणाली, "चला. ऊन चढतंय."

"आत्ती, माती कोण देणार?" शिवकुमार मध्ये उभा राहिला. "पहिली माती मी देणार. पुतण्या मी हाय."

"पहिली हा देईल."

"भावकी काय म्हणंल?"

"भावकी गेलती काय त्याला कुशीवर वळवायला?" म्हातारीनं त्याला खांद्यानं बाजूला सारलं. "सर तिकडं."

शेत गावाबाहेर, जवळच. बांधाच्या कोपऱ्यात बेलाचं झाड आणि घरच्यांच्या समाध्यांचे दगडी कट्टे. गड्यांनी खड्डा तयार ठेवला होता, त्याच्या एका भिंतीत कोनाडा कोरलेला. माणूस बसवतात तो कोनाड्यात. राखेला बसवायचं कसं, ह्यावर अय्या आणि गडी थोडा वेळ बोलले. शेवटी अय्या स्वतः खड्ड्यात उतरले, पांढऱ्या कापडावर राख ओतून त्यांनी तिचा मांडी घातलेल्या माणसाएवढ्या रुंदीचा ढीग केला. माणूस केवढा आणि ढीग केवढा. वर बेलाची पानं ठेवली. मग हात वर केला.

"लिंग द्या."

मल्लव्वा पेंड्रीकडं बघायला लागली. "त्याच्या गळ्यातलं कुठं हाय? चांदीच्या डबीतलं?"

लिंगायताच्या गळ्यात लिंग असतं, आणि ते त्याच्याबरोबर मातीत जातं. ते आपल्याकडं ठेवायचं नसतं. पेंड्रीला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याचा हात आपोआप कॉलरपाशी गेला. त्यानं कोटाचं बटण काढलं, सदऱ्याचं काढलं. दोऱ्यातली काळवंडलेली डबी त्याच्या छातीवर होती.

"दवाखान्यात घड्याळ आणि हे दिलं मला," तो म्हणाला. "तवापास्नं घातलंय. दुसरं काय न्हाय माझ्याकडं."

"त्याचं हाय ते," मल्लव्वा म्हणाली. आवाज मऊ होता, पण सवलत नव्हती. "त्याच्या हातात लागतंय. त्याबिगर तो बसणार कसा?"

मला वाटलं, आता हा नाही म्हणेल. माझ्या घशात एक थाप तयारही झाली होती, की विलायतेत दुसरंच लिंग पुरलं म्हणून. मी ती गिळली. पेंड्री मानेमागं हात नेऊन गाठ शोधायला लागला. बोटं वाकडी, सांधे सुजलेले, गाठ सुटेना. त्यानं दोनदा हात खाली घेतले आणि पुन्हा वर नेले.

मल्लव्वा त्याच्या मागं गेली. "कुंद्रु," ती कानडीत म्हणाली, आणि तो कट्ट्याच्या दगडावर खाली बसला. पोराच्या गळ्यातला ताईत काढावा तशी ती त्याच्या मानेवर वाकली. नखानं जमेना म्हणून दातानं गाठ सैल केली. डबी सुटून त्याच्या तळहातात पडली. त्यानं मूठ मिटली. कुणी घाई केली नाही, अय्यांनीसुद्धा नाही, ते खड्ड्यात तसेच उभे होते. मग त्यानं वाकून ती त्यांच्या हातात दिली.

पहिली माती त्यानं हातानं दिली. दुसरीही. मग थांबायचं असतं, बाकीच्यांना द्यायचं असतं, पण तो थांबला नाही. गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी माती ओढत राहिला, कोटासकट, त्याच कोटासकट. मल्लव्वानं आपली मूठ त्याच्या हातांमधून टाकली. शिवकुमार थोडा वेळ बाजूला उभा होता. मग त्यानं गड्याच्या हातातलं खोरं घेतलं आणि समोरच्या बाजूनं माती लोटायला लागला.  पेंड्रीच्या हातांना लागणार नाही इतपत जपून लोटत होता, एवढं मी बघितलं.

खड्डा भरल्यावर घरचे सगळे मोटेच्या जुन्या विहिरीवर हातपाय धुवायला गेले. पेंड्री धुऊन लवकर परत आला आणि माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसला. मांडी रिकामी होती, तर हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना. मी काहीतरी बोलायला वळलो तोवर त्याची मान खिडकीच्या काचेला लागली होती. तोंड उघडं, नखांत माती.

दानेश्वरी जेवणाचं विचारायला आली. तिच्यामागून मल्लव्वा आली, खिडकीतून आत बघून उभी राहिली. "उठवू नगा त्याला," ती म्हणाली. "घरला जाऊन ताट झाकून ठेवते. उठला की आणा. आणि आज परत न्यायचं न्हाय, सांगून ठेवते तुला, डायवर. थापा मारशील तर तंगडं मोडीन."

"न्हाय आज्जी," मी म्हणालो.

ऊन सरकून गाडीच्या टपावर आलं होतं. आत भट्टी होणार होती. बेलाची सावली चार हातांवर होती, पण आमची अँबॅसडर चालू झाली की अख्खं गडहिंग्लज जागं होतं. मी गियर न्यूट्रलला टाकला, हँडब्रेक सोडला आणि मागं येऊन डिकीला खांदा लावला. गाडी हलेना. शिवकुमार विहिरीवरून हात पुसत येत होता. माझ्याकडं बघितलं, काचेतून आत बघितलं. मग धोतराचा सोगा कंबरेला खोचला आणि माझ्याशेजारी येऊन खांदा लावला.

"हळू," तो म्हणाला. "धक्का बसंल."